नेमाण्णा मास्तरांचे हात

मी बारा वर्षांची असताना नेमाण्णा मास्तरांच्या फाटकासमोर सायकलवरून पडले. गुडघा फुटला, पुढचं चाक वाकलं आणि शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकला तांबडी माती लागली. मास्तर फाटकातच उभे होते. हात पाठीमागे आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. मी वर बघितलं, त्यांनी खाली बघितलं. ते जागचे हलले नाहीत.

"ऊठ," ते म्हणाले. "आपलं आपण उठायचं."

मी उठले, सायकल ढकलत घरी आले. त्यांचा आलेला राग पुढची दोन वर्षं टिकला. तो मी कुणाला बोलून दाखवला नाही. मी फारसं काही बोलून दाखवतच नसे. शाळेत इंग्रजीत बोलायचं, घरी मराठीत, बाजारात थोडं कानडीत. एवढ्या भाषा झाल्यावर गप्प बसणं सोपं पडतं.

बेळगावच्या कॅम्पात आमच्या घरांची एक ओळ होती. माझे वडील कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत कारकून होते. शेजारच्या घरात नेमाण्णा मास्तर आणि त्यांची बायको पदमाक्का. मागे मोठं मैदान, मैदानापलीकडे चर्चची भिंत. मागच्या व्हरांड्यात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलं की सगळं मैदान दिसायचं आणि आपण कुणाला दिसत नसू. माझं बरंचसं बालपण तिथे गेलं, म्हणून मास्तर मला इतके पाठ आहेत.

ते उंच नव्हते. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नसे. तालमीत वाढलेल्या माणसाचे असतात तसे दोन्ही कान मोडलेले होते. डोक्यावर पांढरी टोपी, खाली खाकी अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. मूळचे ते निपाणीजवळच्या एका खेड्यातले, जैन शेतकरी घरातले. कॅम्पातल्या एका शाळेत ते कवायत शिकवत. पण त्यांचं खरं काम म्हणजे रग्बी. आमच्या भागात हा खेळ पलटणीतल्या गोऱ्यांशिवाय कुणी खेळत नसे. त्या लांबोडक्या चेंडूला गावातले लोक 'कोहळा' म्हणायचे.

तो कोहळा मास्तरांच्या घरात कधी आला नाही. चामड्याची वस्तू पदमाक्कांना उंबऱ्याच्या आत चालत नसे. म्हणून तो एका पोत्यात घालून परसातल्या आंब्याच्या फांदीला टांगलेला असे. मैदानावरून आल्यावर मास्तरांनी आधी चेंडू टांगायचा, मग मागच्या दारी आंघोळ करायची आणि मगच आत जायचं. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचंही असायचं, त्यामुळे संध्याकाळी फार घाई उडे. पदमाक्का तांब्याने पाणी ओतता ओतता बोलत राहायच्या आणि ते आमच्याकडे सगळं ऐकू यायचं.

"त्या कोहळ्यासंगटच लगीन लावायचं हुतं. माझ्या बाऽला कशाला तरास दिलासा?"

"त्यो बोलत न्हाय ना," साबणाच्या फेसातून मास्तर म्हणायचे. "म्हनून तर मैदानात नेतो."

असं हसून बोलणारा माणूस पडलेल्याला हात का देत नाही, हे मला कळत नव्हतं. मी मुद्दाम बघू लागले. विहिरीजवळ शेवाळावरून पदमाक्का घसरल्या तेव्हाही ते तसेच उभे राहिले, फक्त मनगटावरची पकड घट्ट झाली. मैदानात पोरं दिवसातून पन्नास वेळा पडत. मास्तर वाकून विचारत, "हाड न्हाय न्हवं मोडलं?" पण हात पाठीमागेच. शेजारपाजारचे म्हणत, मास्तर म्हणजे दगड आहे.

कारण मला चौदाव्या वर्षी कळलं, तेही दाराआडून. एका रविवारी ते वडिलांशी आमच्या ओट्यावर बोलत बसले होते. वडिलांनी सहज विचारलं, "मास्तर, तुम्ही ह्या खेळात शिरलात तरी कसे?"

मास्तरांचे काका कॅम्पात हरभरा आणि कडबा विकायचे. पलटणीच्या खेचरांना तो माल जायचा. सोळा-सतरा वर्षांचे नेमाण्णा शाळा शिकायला काकांकडे राहिले होते आणि पहाटे तालमीत जात होते. एक दिवस पोती उतरवून परत निघाले असताना मैदानावर खेळणारा एक धिप्पाड गोरा चेंडू घेऊन सरळ त्यांच्या अंगावर आला.

"मला काय ठावं त्यो चेंडू घिऊन पळतोय का माझ्यावर धावून येतोय," मास्तर म्हणाले. "मी वाकलो आनि पट काढला. दोन्ही पाय उचाललं तसा गेला की वो हवेत! म्हटलं, आता काय गोळी घालत्यात. तर त्यांचा सार्जंट आला, मॉर्गन म्हनून, आनि माझं दंड चाचपायला लागला. बाजारात खोंड बघत्यात तसा."

त्या सार्जंटने त्यांना खेळ शिकवला. आधी पोरांच्या संघात, मग गडी कमी पडला की पलटणीच्या संघात. मास्तरांची जागा सगळ्यात मागची. सगळे गडी फोडून कुणी आला तर त्याला अडवणारा शेवटचा माणूस. चार-पाच वर्षांत त्यांचं नाव एवढं झालं की सिलोनशी सामना खेळायला जाणाऱ्या हिंदुस्थानच्या संघात त्यांना घेतलं. मळेवाले साहेब, लष्करी अधिकारी आणि त्यात एकटे नेमाण्णा. रेल्वेने धनुष्कोडी, तिथून बोट. बरोबर पदमाक्कांनी बांधून दिलेल्या दशम्या, कारण साहेबांचं रात्रीचं जेवण त्यांना दोन कारणांनी चालत नव्हतं.

"सामना बरुबरीत हुता," मास्तर म्हणाले. "शेवटची पाच मिन्टं. त्यांचा एक गडी सुटला. सगळ्यांस्नी चुकवलं. म्हागं मी एकलाच. रेघ माझ्या म्हागं चार हातांवर. तिथं पलीकडं त्यानं चेंडू टेकवला की संपलं. मी पट काढला. असा काढला कारकूनसायब, तसा पुन्ना जल्मात जमला न्हाय. त्यो उताना. दोन्ही खांदं जमिनीला. चीत!"

"मग?"

"मग काय? मी सोडला त्याला."

वडिलांना कळेना. "सोडला?"

"धा वर्साचा असल्यापास्नं तालमीत हाय मी. पाठ लागली की कुस्ती झाली. मग गड्याला सोडायचं, हात देऊन उठवायचं, त्याच्या पाठीची माती पुसायची. न्हाय पुसली तर वस्ताद कानफाटात द्यायचा. मी इच्यार केलाच न्हाय. हात आपसूक गेला. म्या त्याला उठवला, माती पुसली. त्यो माझ्या तोंडाकडं बघाय लागला. मग चालत गेला, पळतबी न्हाय, चालत. आनि चेंडू टेकवला."

त्या खेळात पडलेल्याला धरून ठेवलं तरच तो थांबतो, सुटला तर पुन्हा पळायला मोकळा असतो. हे मास्तरांना माहीत होतं, हजारदा केलेलं होतं. पण त्या क्षणी समोर मैदान नव्हतं, गावची तालीम होती.

कोलंबोचे लोक हसले. बोटीवर त्यांच्याशी कुणी बोललं नाही. बेळगावात मात्र सगळे बोलले, आणि वर्षानुवर्षं बोलत राहिले. बाजारात कुणी चेष्टेने हात पुढे करी, "मास्तर, उठवा की वो!" तेव्हापासून ते हात पाठीमागे गेले ते गेलेच. ती त्यांनी स्वतःला घातलेली बेडी होती.

ह्याच्याशी जोडलेली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी मला कुंपणापाशी हाक मारली. "शालू, तू विंग्रजी शाळंत जातीस. एक वाक्य सांगतो, त्याचा अर्थ सांग." कोलंबोच्या सामन्यानंतर कप्तान दुसऱ्या साहेबाशी बोलला होता, ते त्यांनी आवाजासकट पाठ केलं होतं. "इट वॉज माय मिस्टेक, नॉट हिज."

"चूक माझी होती, त्याची नव्हती," मी म्हणाले.

"म्हंजी मला माफ केलं?"

त्या कप्तानाला काय म्हणायचं होतं ते मला समजलं होतं. असल्या माणसाला संघात घेतलं हीच आपली चूक, असं त्याला म्हणायचं होतं. मास्तरांनी जो सूर काढून दाखवला तो सूर आमच्या शाळेत मी रोज ऐकत होते.

"हो," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "चांगली शिकलीयास," म्हणाले आणि आत गेले.

मास्तरांना आयुष्यात मग एकच गोष्ट हवी होती. आपल्या मातीतल्या पोरांचा असा एक संघ उभा करायचा, जो धरलेलं सोडणार नाही, आणि त्या संघाने एकदा, फक्त एकदा, पलटणीच्या संघाला हरवायचं. त्यासाठी त्यांनी शाळेतली आणि शाळा सोडलेली पोरं गोळा केली. कुणी कंग्राळीचा, कुणी खानापूरकडचा, दोघं-तिघं चिकोडीकडचे कानडी. शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. एका पोत्यात ओली माती भरायची, पोत्याला दोर बांधायचा. एकाने पोत्याला मिठी मारायची आणि चौघांनी दोर ओढायचा. मास्तर बाजूने चालत ओरडायचे, "धर! हिडी! धर!" मराठी पोरांसाठी 'धर', कानडी पोरांसाठी 'हिडी', पण पोरांना दोन्ही शब्द सारखेच झाले होते. पोरं चिखलातून फरफटत जायची. मास्तर 'सोड' किंवा कानडीत 'बिडू' म्हणत नाहीत तोवर मिठी सुटता कामा नये. पंचाची शिट्टी नाही, दुखणं नाही, रडू नाही. फक्त मास्तरांचा शब्द.

ह्यात सगळ्यात तयार झाला तो महादू. कंग्राळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरी दोन म्हशी, सकाळी सायकलवरून कॅम्पात दूध घालायचा. अंगाने मास्तरांच्या दुप्पट आणि बोलायला माझ्याहून कमी. एकदा तो पोत्याला मिठी मारून पडला असताना शाळेतून बोलावणं आलं आणि मास्तर लगबगीने गेले. पाऊस आला. दोर ओढणारी पोरं पळाली. मी व्हरांड्यातून बघत होते. महादू तसाच, पोत्याला धरून. अर्ध्या तासाने मास्तर परत आले.

"आरं, तू अजून हितंच?"

"तुमी सोड म्हटलं न्हाय," चिखलातून महादू म्हणाला.

मास्तर मोठ्याने हसले. "सोड रं बाबा, सोड." त्या संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट पदमाक्कांना तीनदा सांगितली. जेवायची वेळ टळली, दिवस मावळला आणि ते उपाशी झोपले. मलाही त्या दिवशी ती गोष्ट गमतीचीच वाटली होती.

युद्धाच्या शेवटच्या वर्षात मैदान लष्कराच्या तंबूंनी भरून गेलं. ते संपल्यावर तंबू निघाले आणि शाळेला नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, हा खेळ धोक्याचा, खर्चिक आणि आता जाणाऱ्यांचा. जूनपासून हॉकी. मास्तरांनी एका सामन्याची भीक मागितली. पलटणीचा संघ अजून इथे आहे, तोवर एकदा खेळू द्या. जिंकलो तर खेळ राहील, हरलो तर मी स्वतः खांब उपटतो. मुख्याध्यापक हो म्हणाले. नंतर ते वडिलांना काय म्हणाले ते वडिलांनीच घरी सांगितलं, "हरणार हे त्यालाही माहीत आहे."

सामन्याच्या दिवशी दुपारी तीनला सगळा गाव मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला लोटला होता. गावात तेव्हा दर आठवड्याला 'चले जाव'ची मिरवणूक निघत होती, त्यामुळे त्या गर्दीत खेळ बघायला आलेले किती आणि पलटण पडलेली बघायला आलेले किती ते सांगता आलं नसतं. समोरच्या बाजूला साहेबांच्या खुर्च्या. मला गर्दी सोसत नाही, म्हणून मी सायकल घेऊन मैदानाच्या टोकाला, रेषेच्या पलीकडच्या कोपऱ्यात, चर्चच्या भिंतीला टेकून उभी राहिले. त्या कोपऱ्यात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या अर्ध्यातच चिकोडीच्या एका पोराने चेंडू टेकवला. आमचे तीन, त्यांचं शून्य. गर्दी वेडी झाली. त्यानंतर सामना पुढे जातच नव्हता. गोरे पुन्हा पुन्हा येत होते आणि आमची पोरं पुन्हा पुन्हा धरत होती. मास्तर बाजूच्या रेषेवरून चालत होते, हात पाठीमागे. ते आता ओरडत नव्हते. त्यांचे ओठ फक्त हलत होते, आणि ते 'धर' म्हणत होते हे मला लांबूनही वाचता येत होतं.

सूर्य चर्चच्या कौलांना लागला. अगदी थोडी मिनिटं उरली होती. तेव्हा त्यांचा एक तांबड्या केसांचा शिपाई सुटला आणि माझ्याच कोपऱ्याकडे धावत आला. महादू मागून आला. त्याने पट काढला नाही, त्याला तेवढी सवडच नव्हती. त्याने मागून मिठी मारली. दोघे आदळले, घसरत आले आणि रेषेच्या दोन हात अलीकडे थांबले. महादू खाली, शिपाई त्याच्या छातीवर उताणा, चेंडू शिपायाच्या पोटाशी. त्यांच्यावर दोन्हीकडचे गडी कोसळले. पंच मागे राहिला होता. त्याला आणि सगळ्या गावाला दिसत होत्या त्या फक्त पाठी.

मला मात्र शिपायाचं तोंड दिसत होतं.

घसरताना महादूचा हात छातीवरून वर सरकला होता. तो गळ्यावर होता. महादूचे डोळे मिटलेले होते, पोत्याला धरताना मिटायचे तसेच. गर्दी ओरडत होती, "धर महाद्या, धर!" पंचाने शिट्टी वाजवली की चेंडू अडला असं ठरणार होतं, आणि मग वेळ संपलीच होती. एवढ्यावर सगळं होतं. मास्तरांचा खेळ, त्यांची वीस वर्षं. पंच ढिगाभोवती फिरून येत होता. शिपायाच्या बुटाची टाच जमिनीवर आपटत होती. आधी जोरात, मग हळू. मग ती थांबली.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

मास्तर माझ्यापासून दहा पावलांवर आले होते. त्यांची नजर त्या टाचेवर होती. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावरून सुटली.

"सोड!" ते ओरडले. "बिडू! महाद्या, सोड त्याला!"

महादूने त्याच क्षणी सोडलं. शिपायाचे हात ढिले पडले होतेच. चेंडू घरंगळला, त्यांच्या दुसऱ्या एका गड्याने तो उचलला आणि दोन पावलांवर टेकवला. शिट्टी झाली. पुढची लाथही खांबांच्या मधून गेली, तिचे आणखी दोन. त्यांचे पाच, आमचे तीन.

मास्तरांनी त्यातलं काही बघितलं नाही. ते मैदानात गुडघ्यांवर बसून शिपायाची मान सरळ करत होते. शिपाई खोकला, मग मोठा श्वास घेतला. मास्तरांनी त्याला हात देऊन उठवलं. आणि मग, मला वाटतं त्यांना स्वतःलाही न कळता, त्याच्या पाठीवरची माती दोनदा हाताने पुसली.

गावाने बघितलं ते एवढंच. मास्तर 'सोड' म्हणून ओरडले, गोरा जिंकला आणि मास्तरांनी त्याची पाठ पुसली.

"आरं, कोलंबोनं पोट भरलं न्हवतं व्हय?" कुणीतरी ओरडलं. "पुस की, बूटबी पुस!" एक ढेकूळ आलं, मग दुसरं. महादू मधोमध उभा होता. त्याने अंगातली जर्सी काढली, मास्तरांच्या पायाशी टाकली आणि उघडाच चालता झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शब्द पाळला. दोन्हीकडचे खांब स्वतः उपटले. कुणी मदतीला आलं नाही. आठवड्याभरात ती पलटणही बेळगाव सोडून गेली. रात्रीत कुणीतरी त्यांच्या फाटकाला शेण फासायचं आणि सकाळी पदमाक्का ते धुवायच्या, आता काही न बोलता. आमच्या घरी जेवताना वडील म्हणाले, "मास्तरांनी असं करायला नको होतं." मी ताटाकडे बघत राहिले. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. वडिलांनी ते कचेरीत सांगितलं असतं, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

दहाव्या दिवशी मी त्यांच्या परसात गेले. मास्तर आंब्याखाली बसून चेंडूतली हवा काढत होते.

"मी बघितलं," मी म्हणाले.

"काय?"

"टाच."

त्यांचा हात थांबला. "कुनाला सांगितलंस?"

"नाही. पण सांगते. लोक तुम्हाला काय काय..."

"नगं." त्यांनी मान वरही केली नाही. "महादूनं फौजेत अर्ज दिलाय. तिथं कुनी लिवलं, सामन्यात गोऱ्याचा गळा दाबला, तर त्या पोराचं काय व्हईल? हे दिवस कसलं हैत ते बघतीयास न्हवं? आनि त्याची चूक न्हाय. धरायला मी शिकवलं. सोड कवा म्हनायचं, ते माझं काम हुतं."

मला धीर आला होता. मी विचारलं, "मग कोलंबोलाही तुम्ही बरोबरच होता, असं आता वाटतं का?"

तेव्हा मास्तर हसले. सामन्यानंतर पहिल्यांदाच. "न्हाय गं. तवा मी चुकलोच. त्यो काय मरत हुता व्हय?"

मी गप्प राहिले. गप्प राहायला सांगितल्यावर मला बरंच वाटलं, हे इथे कबूल करते. पण पुढच्या उन्हाळ्यात महादूची निवड झाल्याचं दूध घालायला येणाऱ्या त्याच्या भावाकडून कळलं. त्याच संध्याकाळी मी सायकल घेऊन कंग्राळीच्या वाटेवर उभी राहिले. महादू वैरणीचा भारा घेऊन येत होता. परक्या पुरुषाशी रस्त्यात उभं राहून बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी टाचेचं सांगितलं.

महादूने भारा खाली ठेवला.

"मान ढिली पडल्याली मला कळली हुती," तो म्हणाला. "पर मास्तर सोड म्हटलं न्हवतं."

मला पावसातलं पोतं आठवलं. त्यालाही तेच आठवत असावं. तो कुणाचा जीव घेण्याच्या किती जवळ जाऊन आला होता, ते त्याला आत्ता कळत होतं. भारा तिथेच टाकून तो कॅम्पाकडे चालू लागला. मास्तरांशी त्याचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्या दिवशी मी व्हरांड्यात बसले नाही.

मास्तरांनी नोकरी सोडली होती. पावसाळ्याच्या तोंडावर ते दोघं निपाणीकडे, आपल्या शेतावर राहायला निघाले. सामान न्यायला गाडी महादूने आणली, घरचे बैल जुंपून. ट्रंक, भांडी, जातं, सगळं त्याने एकट्याने चढवलं. गल्लीतले लोक दारात उभे होते.

पदमाक्कांनी मला बाजूला बोलावलं. "पोरी, झाडाला त्यो कोहळा हाय बघ. तेवढा गाडीत म्हागं टाक. मी हात लावायची न्हाय. पर ऱ्हायला हितं, तर हे म्हातारं जेवायचं न्हाय." मी पोतं काढलं. हवा गेलेला तो चेंडू मला वाटला होता त्यापेक्षा फारच हलका होता.

मग पदमाक्का गाडीत चढायला गेल्या आणि त्यांचा पाय चाकाच्या आऱ्यावरून निसटला. त्या पडल्या नाहीत, पण पडल्याच असत्या. मास्तरांनी हात पुढे केला आणि त्यांना वर ओढून घेतलं.

पदमाक्का गाडीत बसल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आत्ता सुचलं व्हय? एवढी वर्सं मी काय गोरी न्हवतो म्हनून?"

महादू हसला. दारातलं कुणीतरी हसलं. गाडी निघाली. मास्तर बसले नाहीत, बैलांना ओझं नको म्हणून मागून चालत राहिले. फाटकापासून चर्चच्या वळणापर्यंत मी त्यांना बघत होते. त्यांचे हात पाठीमागे नव्हते. ते दोन्ही बाजूंना मोकळे होते. त्यांचं काय करावं हे मास्तरांना कळत नव्हतं. एकदा एक हात गाडीच्या मागच्या कडेवर ठेवला, मग काढला, मग दोन्ही थोडे थोडे हलवत, नुकतंच चालायला शिकल्यासारखे, ते वळणापलीकडे गेले.